चाकूचं पोलाद: जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं का?

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक घडीचा चाकू घेतला. निवड अगदी इंजिनिअरसारखी केली. पाच-सहा चाकूंचे आकडे शीटमध्ये भरले आणि ज्याचा कडकपणा सगळ्यात जास्त, ६१ एचआरसी, तो मागवला. डिसेंबरातल्या एका ट्रेकला चुलीसाठी वाळलेली काठी चिरताना पातं अडकलं. मी ते आडवं पिळून सोडवायला गेलो आणि धारेतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. तो मातीत पडला की शेजारी चिरून ठेवलेल्या कांद्यात, हे टॉर्चच्या उजेडात कळेना. शेवटी सगळा कांदा टाकून दिला आणि सहा जणांनी बिनकांद्याचे पोहे खाल्ले.

बाकीची कामं मित्राच्या जुन्या स्विस चाकूने झाली. घरी येऊन बघितलं, तर त्याच्या पात्याचा कडकपणा फक्त ५६. मग माझं चुकलं कुठे?

कडकपणा वेगळा, चिवटपणा वेगळा

कडकपणा म्हणजे दाबल्यावर खड्डा न पडण्याची ताकद. रॉकवेल सी चाचणीत हिऱ्याचा शंकू १५० किलो भाराने पोलादावर दाबतात आणि तो किती खोल गेला ते मोजतात. कमी खोल गेला की आकडा मोठा. त्या आकड्यालाच एचआरसी म्हणतात. खिशातल्या चाकूंची पाती साधारण ५५ ते ६२ च्या दरम्यान असतात.

चिवटपणा म्हणजे तुकडा न पडता धक्का सोसण्याची ताकद. ती मोजायला शार्पी चाचणी असते: लंबकासारखा हातोडा सोडून नमुना तोडायचा आणि त्याला किती ऊर्जा लागली ते बघायचं.

घरातलं उदाहरण घ्या. काच कडक आहे, पण चिवट नाही. तांब्याची तार चिवट आहे, पण कडक नाही. चाकूला दोन्ही हवं असतं, आणि बहुतेक वेळा एक वाढवलं की दुसरं घटतं. वेबसाइटवर मात्र पहिलाच आकडा छापलेला असतो.

'पाणी देणं' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे लोहार विळ्याला, कोयत्याला 'पाणी देतो'. कारखान्यातही मूळ तत्त्व तेच. पोलाद इतकं तापवायचं की कार्बन लोखंडात विरघळेल. साध्या कार्बन पोलादाला त्यासाठी साधारण ८०० अंश सेल्सिअस लागतात. मग ते तेलात किंवा पाण्यात झटकन थंड करायचं. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतो आणि जाळी ताणली जाते. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. १०९५ सारखं पोलाद, ज्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो, या टप्प्यावर ६५ एचआरसीच्या आसपास जातं. पण ते इतकं ठिसूळ असतं की खाली पडलं तरी तडकू शकतं.

म्हणून पातं पुन्हा सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास ठेवतात. याला टेंपरिंग म्हणतात. अडकलेला थोडा कार्बन बाहेर पडतो, ताण सैल होतो. कडकपणाचे चार-पाच आकडे जातात आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळतो. पण जितकं जास्त तापवू तितका चिवटपणा वाढेल, असं समजू नका. साध्या कार्बन पोलादात २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात ठिसूळपणा उलट वाढतो.

आकडा सारखा, पोलाद वेगळं

माझा चाकू डी२ पोलादाचा होता. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. दोघांचे मिळून कार्बाइडचे कण तयार होतात. ते पोलादापेक्षाही कडक असतात, त्यामुळे धार लवकर झिजत नाही. पण कण मोठे असले की तडा तिथूनच सुरू होतो.

याउलट एईबी-एल हे मुळात दाढीच्या ब्लेडसाठी बनलेलं पोलाद. त्यात कार्बन कमी आणि कण बारीक. तेही ६१ एचआरसीपर्यंत नेता येतं, पण डी२ पेक्षा बरंच चिवट राहतं. धार मात्र तुलनेने लवकर झिजते.

कण बारीक ठेवायचा दुसरा मार्ग म्हणजे पावडर पद्धत. वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने फवारून त्याची पावडर करतात आणि ती उष्णतेत दाबून घट्ट करतात. प्रत्येक कण क्षणात गोठतो, म्हणून कार्बाइडला मोठं व्हायला वेळ मिळत नाही. धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांचं २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट याच पद्धतीने बनतं. त्यात क्रोमियमचे मोठे कार्बाइड टाळून व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कार्बाइड ठेवले आहेत. अर्थात किंमतही तशीच असते.

मग निवड कशी करायची?

आधी तुमच्या आताच्या चाकूची धार भिंगातून बघा.

• धार एका बाजूला वळली असेल, तर पोलाद कामाच्या मानाने मऊ पडतंय. थोडा जास्त कडकपणा चालेल.
• धारेला दाते पडले असतील, तर चिवटपणा कमी पडतोय. कमी एचआरसीचं किंवा बारीक कणांचं पोलाद बघा.
• धार नुसतीच गुळगुळीत, बोथट झाली असेल, तर ती झिजली आहे. जास्त कार्बाइडचं पोलाद उपयोगी पडेल.

नवीन चाकू घ्यायच्या आधी धारेचा कोन बदलून बघा. दर बाजूला १५ अंशांऐवजी २० अंश ठेवले की धारेमागे जास्त पोलाद राहतं आणि दाते कमी पडतात. कापताना थोडा जोर जास्त लागतो, एवढंच. स्विस चाकूचं ५६ हेही विचार करून घेतलेलं उत्तर आहे: धार लवकर जाते, पण तुटण्याऐवजी वळते आणि पाच मिनिटांत पुन्हा लावता येते.

माझा चाकू मी फेकला नाही. दाते जाईपर्यंत दगडावर घासला आणि दर बाजूला २० अंशांची धार लावली. आता तो दोऱ्या आणि खोकी कापतो. काठ्या चिरायला कोयता नेतो.