गाळप क्षमता आणि मेगाफ्लॉप

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या बिद्रीच्या चहाच्या टपऱ्यांवर रोज एकच विषय असतो: काल किती टन गाळप झालं? दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचं हे गाव. इथल्या माणसाला क्षमता आणि गाळप यांतला फरक सांगावा लागत नाही. क्षमता मंजुरीच्या कागदावर असते. गाळप मात्र ऊसतोड टोळ्या, बैलगाड्या, ट्रॅक्टर, काटा आणि गव्हाण यांवर ठरतं. गव्हाणीत ऊस पडला नाही तर कितीही दांडगी मिल असो, ती थांबते. कारखान्याच्या भाषेत त्याला ‘नो केन’ म्हणतात. आमचे आबा मिलवर होते. ते म्हणायचे, “क्षमता नगं सांगूस, चोवीस तासांत किती गाळलं ते सांग.”

मी संगणकशास्त्र शिकवतो. दोन प्रोसेसरांची तुलना कशी करायची हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची पुण्यातली गोष्ट काढतो. या प्रश्नाचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

हवामानाच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक घेतला. एक्स-एमपी जातीचा हा संगणक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत आला, पण वापरावर कडक अटी होत्या आणि त्याहून मोठं यंत्र द्यायला अमेरिका राजी नव्हती. मग असा महासंगणक देशातच बांधण्यासाठी १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. मुदत तीन वर्षांची आणि लक्ष्य एक गिगाफ्लॉपचं, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी अपूर्णांकी गणितं. एवढं एका चिपने होणार नव्हतं. पुष्कळ साध्या चिप एकत्र जोडून काम वाटून द्यायचं, असा मार्ग त्यांनी धरला.

पहिली निवड ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटरची. टी-८०० ही चिप १९८७ची. नुसत्या गणिताच्या वेगाने बघितलं तर ती काही फार मोठी नव्हती, सेकंदाला पंधरा-वीस लाख गणितं. तिचं बळ दुसरीकडे होतं. शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी तिच्या अंगातच चार दुवे होते, प्रत्येकातून सेकंदाला दोन कोटी बिट जात. वेगळी जोडणी न करता अशा चिपांची जाळी विणता येई, आणि गणित चालू असतानाच दुव्यांवरून माहितीची ये-जा होई. १९९१मध्ये उभा राहिलेला सी-डॅकचा महासंगणक परम ८००० या चिपवर चालला.

दुसरी चिप इंटेलची आय-८६०, १९८९ची. दहा लाखांवर ट्रान्झिस्टर, ४० मेगाहर्ट्झचा ठेका आणि कागदावर ८० मेगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला आठ कोटी गणितं. कागदावरचे आकडे शेजारी ठेवले तर इंटेलची चिप चाळीस-पन्नासपट वेगवान ठरते. त्या काळी तिची जाहिरात याच आकड्यावर होत होती.

पण ८० मेगाफ्लॉप कधी मिळायचे? बेरीज आणि गुणाकार हे दोन्ही विभाग प्रत्येक ठोक्याला भरलेले असतील तरच. चिपच्या अंगातली माहितीची साठवण ८ किलोबाइटची. त्यात नसलेला आकडा बाहेरच्या मेमरीतून आणावा लागे, आणि तोवर गणिताचे दोन्ही विभाग रिकामे राहत. इथे मला आमची गव्हाणच आठवते. शिवाय त्या काळच्या कंपायलरांना ही चिप नीट वापरता येत नव्हती. फोर्ट्रानमधला साधा प्रोग्राम तिच्यावर चढवला की हाती दहाच्या आतबाहेर मेगाफ्लॉप लागत. हाताने मशीनच्या भाषेत लिहिणाऱ्यालाच त्याहून बरंच जास्त मिळे.

सी-डॅकच्या मंडळींनी यातून काढलेला तोडगा मला त्या सगळ्या कामगिरीतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. एका चिपला विजेती ठरवून दुसरीला रजा त्यांनी दिली नाही. परम ८६००मध्ये गणित आय-८६०कडे दिलं आणि शेजाऱ्यांशी बोलणं ट्रान्सप्यूटरकडे ठेवलं. कोणती चिप कशात कमी पडते हे मोजून घेतल्याशिवाय असा निर्णय होत नाही. दोन्ही चिप नव्वदच्या दशकातच मागे पडल्या, तरी हा निर्णय शिकवण्याजोगा राहिला.

पुढे २००३मध्ये आयबीएमच्या पॉवर-४ चिपांवर परम पद्म झाला आणि जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१वा आला. ही यादी लिनपॅक नावाच्या चाचणीवर ठरते. कागदावरची ताकद एक टेराफ्लॉपच्या, म्हणजे हजार गिगाफ्लॉपच्या घरात, चाचणीत मिळाले ५३२ गिगाफ्लॉप. त्यातही लिनपॅक ही प्रोसेसरच्या सोयीची परीक्षा. एकदा आत आणलेला आकडा तिथे पुन्हापुन्हा वापरला जातो. हवामानाच्या गणितात तसं होत नाही. तिथे ढीगभर आकडे मेमरीतून सतत ओढावे लागतात, आणि बहुतेक यंत्रांवर कागदी वेगाचा लहानसा हिस्साच हाती लागतो.

आमच्या भागाला याचं काय? घाटातल्या दाजीपूरपासून कागलपर्यंत सरळ रेषेत जेमतेम ५० किलोमीटर. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस कागलकडे येईपर्यंत कितीतरी कमी होतो. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला पावसाचा एकच आकडा देतं. दिल्लीच्या त्या क्रेवर नव्वदच्या दशकात चाललेल्या जागतिक मॉडेलचा चौकोन साधारण दीडशे किलोमीटरचा होता. म्हणजे घाट आणि कागल दोन्ही एकाच आकड्यात. अलीकडच्या मॉडेलचा चौकोन १२ किलोमीटरचा झाला. मे २०२५मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ६ किलोमीटरचं मॉडेल सुरू झालं. ते तिथल्याच ‘अर्का’ या ११.७७ पेटाफ्लॉपच्या यंत्रावर चालतं; एक पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप. आता या पट्ट्यात चाराऐवजी आठ चौकोन बसतात.

चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणून काम सुमारे आठपट वाढतं. अर्काची बातमी आली तेव्हा वर्गातल्या मुलांनी पेटाफ्लॉपचा आकडा फळ्यावर लिहिला. मी त्याच्या खाली एक प्रश्न लिहायला सांगितला: दहा दिवसांचा अंदाज या यंत्रावर किती तासांत पुरा होतो? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या माणसाला जनावरं सोडवायला वेळ मिळणार की नाही, ते या उत्तरावर अवलंबून आहे.