जड धातूंची विषबाधा आणि वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट

शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांच्या विषबाधेवर वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट कितपत गुणकारी ठरतात, हा विषशास्त्रातील संशोधनाचा विषय आहे. आर्सेनिक हा काटेकोरपणे पाहता उपधातू. तथापि त्याची गणना जड धातूंतच केली जाते. पश्चिम बंगालमधील भूजलात तो आढळल्याचे १९८०च्या दशकात उघडकीस आले आणि पुढे बिहार, उत्तर प्रदेश व आसामातही हाच प्रश्न समोर आला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम आहे.

हे धातू प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात. पेशींचे संरक्षण करणारे ग्लुटाथायोन त्यामुळे खर्ची पडते. शिसे तर रक्तातील हीम तयार करणाऱ्या साखळीतील एका विकराचे कार्य रोखते. परिणामी साचणारे डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल स्वतःच मुक्त मूलके निर्माण करते. अशा रीतीने हानी दुहेरी होते.

हळदीतील कर्क्युमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन आणि चहातील कॅटेचिन ही संयुगे मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. काही संयुगे धातूच्या आयनांशी बंधही जोडतात. प्रयोगशाळेतील उंदरांवर याचे अनुकूल परिणाम वारंवार दिसले आहेत. मानवावरील पुरावा मात्र तुटपुंजा आहे. इराणमधील मोटार-बॅटरी कारखान्याच्या कामगारांवरील एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम विषबाधेत चार आठवडे दिलेल्या लसणाने रक्तातील शिशाचे प्रमाण डी-पेनिसिलामाइन या औषधाइतकेच घटल्याचे तीत आढळले. एका चाचणीवरून उपचारपद्धती ठरत नाही. शिवाय कर्क्युमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. त्यामुळे उंदरांना दिलेली मात्रा रोजच्या भाजीतील हळदीशी ताडून पाहणे व्यर्थ आहे.

तीव्र विषबाधेत सक्सिमर किंवा कॅल्शियम इडीटीए यांसारखी धातू बांधून शरीराबाहेर टाकणारी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली द्यावी लागतात. लसूण वा हळद त्यांना पर्याय नाही. विषबाधेचा स्रोत बंद करणे ही तर उपचाराची पहिली पायरी होय, आणि कधी कधी हा स्रोत मसाल्याच्या डब्यातच असतो. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य चोळले जात असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर तेथील शासनाने कारवाई केली.

आहारातील लोह आणि कॅल्शियम यांचे महत्त्व अधिक ठोसपणे सिद्ध झाले आहे. या दोहोंची कमतरता असल्यास आतडे अधिक शिसे शोषून घेते आणि लहान मुलांमध्ये हा धोका सर्वाधिक असतो.