मंदी एकच, मुलं मात्र वेगळी घडली

‘बदलती कुटुंबव्यवस्था आणि मुलांचा विकास’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर जरा थांबा. विषय चांगला आहे, पण त्यात अजून प्रश्न नाही. घरात नेमकं काय बदललं? ते कोणाच्या वागण्यातून मुलापर्यंत पोचलं? आणि तेव्हा मूल किती वर्षांचं होतं? या तिन्हींचं उत्तर शोधणारा एक जुना अभ्यास आज सांगते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी १९३० च्या आसपास काही मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा सुरू केला होता. एका अभ्यासातली मुलं ओकलंड शहरातली, १९२०-२१ साली जन्मलेली. दुसरा अभ्यास जीन मॅकफार्लेन यांचा, त्यातली मुलं बर्कलीची, १९२८-२९ ची. शरीराची वाढ, स्वभाव, आईवडिलांच्या मुलाखती असं बरंच काही नोंदवलं जात होतं. महामंदी हा कोणाचाच विषय नव्हता. अभ्यास चालू असतानाच ती या घरांत शिरली, एवढंच.

पुढे १९६२ मध्ये ग्लेन एल्डर हे तरुण समाजशास्त्रज्ञ बर्कलीला आले आणि या साठवलेल्या फायली वाचू लागले. त्यांनी प्रश्नाची दिशाच उलटी केली. मूल कसं वाढतं, हे विचारण्याऐवजी इतिहासातला एक मोठा धक्का मुलाच्या आयुष्यात कोणत्या वाटेने येतो, हे त्यांनी विचारलं. ओकलंडच्या १६७ मुलांवरचं त्यांचं पुस्तक, ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’, १९७४ मध्ये आलं.

आता एक तपशील नीट बघा, कारण व्हायवात नेमकं इथेच अडवतात. ‘मंदीची झळ बसलेलं कुटुंब’ म्हणजे कोणतं? एल्डर यांनी १९२९ आणि १९३३ सालची मिळकत ताडून पाहिली. त्या काळात राहणीचा खर्चही सुमारे पंचवीस टक्क्यांनी उतरला होता, म्हणजे तेवढी घट झालेलं घर खऱ्या अर्थाने गरीब झालं नव्हतं. म्हणून त्यांनी साधारण पस्तीस टक्क्यांची रेघ आखली. शिवाय मध्यमवर्गीय आणि कामगार घरं आधीच वेगळी केली. रेघ कुठेही आखा, पण ती तिथेच का, हे सांगता आलं पाहिजे.

झळ बसलेल्या ओकलंडच्या घरांत दिसलं ते असं. वडिलांचा पगार आटला तसा त्यांचा शब्दही हलका झाला, आणि घराची सूत्रं बऱ्याच ठिकाणी आईकडे गेली. मुलगे बाहेर छोटीमोठी कामं करून पैसे आणू लागले, मुलींवर घरकाम पडलं. तेव्हा ही मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची होती. घराला आपली गरज आहे हे त्यांना कळत होतं आणि काहीतरी करताही येत होतं. यातले पुष्कळ जण, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतले, मोठेपणी चांगले सावरलेले दिसतात.

इथेच थांबलो असतो तर ‘कष्टाने मुलं घडतात’ हे आपल्याकडच्या आजोबांचं लाडकं वाक्य सिद्ध झाल्यासारखं वाटलं असतं. पण एल्डर यांनी नंतर बर्कलीच्या फायली शेजारी ठेवल्या. मंदी आली तेव्हा ही मुलं पाळण्यातून नुकती उतरलेली. त्यांना घरासाठी काही करता येत नव्हतं, फक्त घरातला ताण सोसायचा होता. झळ बसलेल्या घरांतले मुलगे किशोरवयात कमी आत्मविश्वासाचे, हातपाय गाळलेले दिसले. मुलींचं तितकं बिघडलं नाही, त्या आईच्या जास्त जवळ आल्या होत्या.

आणि धक्का पोचला कसा? मुख्यतः वडिलांच्या वागण्यातून. मिळकत गेली की काही वडील चिडखोर झाले, शिक्षा लहरीप्रमाणे होऊ लागली. आज ज्याला हसले, त्यासाठीच उद्या मार. जे आधीपासूनच तापट होते, त्यांच्या घरी हे जास्त झालं. म्हणजे पैसा आणि मूल यांच्यामध्ये पालकत्व उभं आहे. तुमच्या प्रश्नावलीत उत्पन्नाचा रकाना आहे आणि थेट मुलाचे गुण आहेत, पण मधलं हे काहीच नाही, असं असेल तर आकड्यांतून नातं दिसेल, कारण दिसणार नाही.

शेवट बालपणीच ठरतो असंही नाही बरं का. बर्कलीचे यातले बरेच मुलगे पुढे सैन्यात गेले. घरापासून लांब गेले, नंतर सरकारी मदतीवर शिकले, आणि त्यांच्यातल्या अनेकांची गाडी रुळावर आली. मॅकफार्लेन यांनाही मुलं तिशीत पोचल्यावर आपले कितीतरी अंदाज चुकल्याचं दिसलं होतं.

पुस्तक वाचताना एक मात्र लक्षात ठेवा. ओकलंडच्या सॅम्पलमधली मुलं गोरी होती. त्याच शहरात कृष्णवर्णीय कुटुंबंही राहत होती, पण या फायलींत ती नाहीत. मंदीने त्यांच्या मुलांचं काय केलं, हे या पुस्तकातून कळत नाही.