देश नसलेल्यांचा पासपोर्ट

१५ डिसेंबर १९२१ रोजी सोव्हिएत सरकारने एक हुकूम काढला आणि क्रांतीनंतर परवानगीविना देश सोडून गेलेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व काढून घेतलं. इस्तंबूल, बेलग्रेड, बर्लिन, पॅरिस अशा शहरांत ही माणसं आधीच कशीबशी तग धरून होती. पहिल्या महायुद्धात युरोपभर पासपोर्टची सक्ती झाली होती, ती युद्ध संपल्यावरही गेली नाही. झारच्या काळातले पासपोर्ट कुणाकुणाच्या खिशात होते, पण ते देणारं राज्यच बुडालं होतं. काम मिळेल त्या गावी जायचं, तर सीमेवर दाखवायला काहीच नाही.

या लोकांसाठी राष्ट्रसंघाने उच्चायुक्त नेमला तो फ्रिट्यॉफ नान्सेन. हा नॉर्वेचा ध्रुवप्रदेश-संशोधक. 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवून त्याच्याबरोबर वाहत जाणारा. निर्वासितांचं काम हाती घेण्याआधीच तो युद्धकैद्यांना घरी पोचवण्याच्या कामात होता. अशा चार लाखांहून अधिक कैद्यांना त्याने मायदेशी नेलं. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत त्याने सरकारांकडून एक साधा कागद मान्य करून घेतला. नाव, वय, फोटो आणि 'मूळचा रशियन, दुसरं कोणतंही नागरिकत्व नाही' अशी नोंद. लोक त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. पुढे पन्नासहून अधिक देशांनी तो स्वीकारला. १९२४ मध्ये आर्मेनियनांना आणि १९२८ मध्ये असिरियनांनाही तो मिळू लागला. स्ट्राविन्स्की, शागाल यांनी त्यावर प्रवास केला. नाबोकोव्हने मात्र आपल्या आठवणींत त्याबद्दल कडवटपणे लिहिलं आहे. हा कागद दाखवला की अधिकाऱ्याच्या नजरेत माणूस गुन्हेगाराच्या पंगतीला बसे.

ते खरंच होतं. कागद बहुधा वर्षभरापुरता असे. ज्या देशाने तो दिला, तिथे परत येण्याचा हक्कही त्याने मिळत नसे. १९२६ पासून त्यावर पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट लावायचं ठरलं. ऐपत असलेल्यांच्या या पैशातून गरीब निर्वासितांना मदत होई. ती सोय मला मोलाची वाटते. पण ओळख मिळाली, तरी आसरा मिळेलच असं नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

म्हणून १९३३ च्या निर्वासितांविषयीच्या करारात पहिल्यांदा असं बंधन आलं की निर्वासिताला सीमेवरून मागे ढकलायचं नाही. त्यावर मोजक्याच देशांनी शिक्कामोर्तब केलं. शिवाय ही सारी व्यवस्था नावानिशी ठरवून दिलेल्या समूहांपुरती होती. हिटलरच्या तावडीतून पळणाऱ्या ज्यूंना तिचा फारसा उपयोग नव्हता. १९३९ मध्ये नऊशेहून अधिक प्रवासी घेऊन निघालेल्या 'सेंट लुइस' जहाजाला क्यूबाने परतवलं, अमेरिका-कॅनडानेही दार उघडलं नाही. जहाज युरोपात परतलं आणि त्यातले अडीचशेहून अधिक लोक पुढे नाझींच्या हाती मेले.

१९५१ चा निर्वासित करार या मरणांनंतर आला. त्याच्या २८ व्या कलमात नान्सेनचा कागद प्रवासपत्र होऊन आला, तर ३३ व्या कलमाने जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत धाडण्यास मनाई केली. १९६७ मध्ये या करारावर सुरुवातीला असलेली काळाची आणि युरोपची मर्यादाही निघाली. आज हे प्रवासपत्र ओळखता येतं ते मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या पट्ट्यांवरून.

भारताने या करारावर सही केलेली नाही. इथल्या तिबेटींना आपलं सरकार पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळख-प्रमाणपत्र देतं, ते नान्सेनच्याच कुळातलं. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संविधानाचं २१ वं कलम, म्हणजे जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे. तरीही निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कुणाला कागद मिळेल, कुणाची रवानगी होईल, हे त्या-त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर चालतं. हा कायदा संसदेने करावा, आणि तो मागण्याचं काम आपण नागरिकांनी करावं. ज्यांच्यासाठी तो हवा आहे, त्यांना इथे मतच नाही.