विकाजींच्या वाडीचा तट

तारापूर म्हटलं की महाराष्ट्राला अणुवीज केंद्र आठवतं. त्याच तारापुरात, चिंचणीच्या खाडीच्या दक्षिणेला, घडीव दगडांचा एक चौकोनी भुईकोट उभा आहे. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याच्या तटाची जाडी सुमारे १० फूट आणि उंची ३० फूट नोंदली आहे. पोर्तुगिजांचं हे काम. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायची, वसुली करायची आणि वेळ आलीच तर दार लावून आत बसायचं, एवढ्यासाठी एवढा दगड!

ती वेळ जानेवारी १७३९ मध्ये आली. चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावले, खिंडारं पाडली आणि मराठे आत घुसले. आतले शेवटपर्यंत लढले. या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरातलाच माणूस म्हणावा असा हा सरदार. वसई त्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यात पडली.

इथवरची कथा बहुतेक पुस्तकांत सापडते. खरी गंमत पुढे आहे. पेशव्यांनी हा किल्ला शंभर वर्षांच्या मुदतीने इनाम दिला, तो कोणा सरदाराला नव्हे, तर तारापूरच्याच विकाजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्याला. जकातीचे मक्ते घेणाऱ्या माणसाला तोफांचं काय काम? त्याच्या हाती आली ती तटबंदीतली जमीन आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. रणभूमीची वाडी झाली.

विकाजी आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी मात्र वाडीत रमणारे नव्हते. त्यांनी निजामाच्या राज्यात पेढी थाटली. १८२५-२६ मध्ये त्यांनी वऱ्हाडचा कापूस पाचशे बैलांवर लादून मुंबईला पाठवला. वऱ्हाडातून मुंबईला गेलेला तो पहिला मोठा माल मानला जातो. औरंगाबादच्या टांकसाळीतून पेस्तनजींच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया निघू लागला. कर्जापोटी निजामाने वऱ्हाडातले महसुली मुलूखही त्यांच्याकडे लावून दिले. पुढे १८४५च्या सुमारास ते काढून घेतले. पेढी बुडाली. थकलेल्या रकमेसाठी घराण्याने इंग्रजांकडे अर्ज-विनंत्या केल्या, पण हाती फारसं काही लागलं नाही.

या किनाऱ्यावरच्या इतर कोटांचं नशीब पाहिलं, तर इनामाचा उपयोग कळतो. डहाणूच्या किल्ल्यात सरकारी कचेरी बसली. केळव्याचा कोट सुरूच्या बनात वाळूखाली गाडला गेला. तो अलीकडे दुर्गप्रेमींनी उकरून काढला. तारापुरात आतल्या बागेला राखण हवी होती, म्हणून तटालाही मालक राहिला. दगड खाजगी कुंपण झाले आणि टिकले. निजामाच्या हैदराबादेत एवढा मोठा व्यवहार बुडाल्यावरही गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला या किल्ल्यात विहिरी, बागा आणि मालक म्हणून विकाजींचेच वारस आढळले.