दोन जुन्या मेंडोलिनचे युगलवादन कसे ध्वनिमुद्रित होते?

'क्रशर' आणि 'हॉस' ही दोन मेंडोलिनची टोपणनावे आहेत. पहिले डेव्हिड ग्रिसमन यांचे, दुसरे सॅम बुश यांचे. या अमेरिकन वादकांनी २००३ मध्ये 'होल्ड ऑन, वुई आर स्ट्रमिन' हा अल्बम केला. त्यातल्या एका रचनेचे नावच 'क्रशर अँड हॉस' आहे.

दोन्ही मेंडोलिन गिब्सन कंपनीच्या एफ-५ जातीची. हे मॉडेल १९२२ मध्ये मिशिगनमधल्या कालामाझू इथे लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली तयार झाले. गिब्सनच्या आधीच्या मेंडोलिनला मध्यभागी लंबगोल भोक असे. एफ-५ला व्हायोलिनसारखी इंग्रजी 'एफ'च्या आकाराची दोन भोके आली. लोर १९२४च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडले. त्यांची सही आणि तारीख असलेली मेंडोलिन त्यामुळे मोजकीच आहेत. 'क्रशर' त्यांपैकी एक, तर 'हॉस' १९३७चे.

अशी वाद्ये कपाटात ठेवायची की वाजवायची, हा प्रश्न खरा आहे. ब्लूग्रास संगीताचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या १९२३च्या एफ-५ची १९८५ मध्ये कुणीतरी घरात शिरून मोडतोड केली. कारागिरांनी बारीक तुकडे जुळवून ते पुन्हा उभे केले आणि मन्रो यांनी ते पुढे वाजवलेही.

युगलवादनाची अडचण वेगळीच आहे. मेंडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत असतात आणि व्हायोलिनप्रमाणे जी, डी, ए, ई या स्वरांत लावतात. गिटारबरोबर मेंडोलिन वाजले की खर्ज एकाकडे, वरचे स्वर दुसऱ्याकडे अशी वाटणी आपोआप होते. दोन मेंडोलिन मात्र एकाच पट्टीत बोलतात. हिंदी चित्रपटगीतांत मोठ्या वाद्यवृंदातून मेंडोलिन डोकावते तेव्हा ते लगेच ओळखू येते ('दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधल्या राजच्या हातातले आठवा); शेजारी दुसरे मेंडोलिन असेल, तर कोण कुठले वाजवतोय हे कळेनासे होते.

म्हणून नवी रचना सोयीची ठरते. दोन वाद्यांसाठीच लिहिताना एकाला वरची चाल आणि दुसऱ्याला 'चॉप', म्हणजे तारा दाबून लगेच सोडत ठोक्याच्या मधल्या जागी मारलेला तुटक कॉर्ड, असे काम वाटता येते. मग अदलाबदल. लंबगोल भोकाच्या मेंडोलिनचा नाद गोलसर आणि घुमणारा असतो, त्याला लांब स्वर द्यायचे. एफ-५च्या टणक स्वराला वेगवान तान. लोकांच्या ओठांवरच्या जुन्या चालीत एवढी मोकळीक नसते.

बाकीचे काम मायक्रोफोनचे. भोकासमोरच लावला तर आवाज गुबगुबीत होतो. म्हणून तो सहसा मान आणि खोका जुळतात त्या जागेकडे रोखतात आणि हातभर मागे ठेवतात. फार जवळ आला तर पिकची टकटक सुरापेक्षा मोठी होते. वादक समोरासमोर बसले की एकमेकांच्या बोटांकडे बघून लय सांभाळता येते, पण एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. यावर सोपा ठोकताळा असा: वाद्य आपल्या मायक्रोफोनपासून जितके दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनमध्ये असावे. नंतर एक वाद्य थोडे डावीकडे आणि दुसरे थोडे उजवीकडे ऐकू येईल असे मिश्रण करतात. तरीही शिरलेला आवाज पूर्ण पुसता येत नाही, त्यामुळे एकाची चूक झाली तर दोघांनाही पुन्हा वाजवावे लागते.

वेळ सर्वाधिक खातात त्या सोळा तारा. जोडीतली एक तार किंचित उतरली तरी स्वर फाटल्यासारखा वाटतो आणि खोलीतला ओलावा बदलला की जुने लाकूड लगेच हलते. जाड तारा लावून आवाज वाढवण्याचा मोहही टाळावा लागतो: त्यांच्या ताणाने घोडीखालची पातळ फळी खचू शकते. नेपल्सच्या तुंबड्यासारख्या गोल पाठीच्या मेंडोलिनना तर हलक्याच तारा लावतात. त्यांचा आवाज मुळात बेताचा, म्हणून त्या वाजवताना खोलीतला पंखासुद्धा बंद करतात.