उज्जयिनीची तांब्याची नाणी

माळव्याशी महाराष्ट्राचे नाते राणोजी शिंद्यांपासून जडले, असा आपल्या उज्जैनकर मराठी घराण्यांत सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते हे नाते पुष्कळ जुने असून त्याची साक्ष या नगरीच्या तांब्याच्या नाण्यांपासून सुरू होते.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत उज्जयिनीत तांब्याची लहान नाणी चालत. काही चौकोनी, काही गोल. त्यांवर कुंपणातील वृक्ष, मासे असलेली नदी, दंड-कमंडलू धारण केलेली देवता अशी चित्रे आढळतात. काही थोड्या नाण्यांवर ब्राह्मी लिपीत ‘उजेनिय’ असे नगरीचेच नाव आहे. मागील बाजूस बहुधा एकच खूण असते : अधिक चिन्ह आणि त्याच्या चारही टोकांस एकेक वर्तुळ. नाणकशास्त्रात तिला ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात.

पैठणहून माहिष्मतीमार्गे उज्जयिनीस येणारी वाट ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात नोंदलेली आहे. पैठणच्या सातवाहनांनी हे चिन्ह आपल्या नाण्यांवर घेतले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप नहपानाची; परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटविला होता. एका अंगास कमानींचा पर्वत व राजाचे नाव, दुसऱ्या अंगास उज्जैन चिन्ह. राजा पैठणचा, खूण उज्जयिनीची! अवंती त्याच्या राज्यात होती, असे त्याची माता गौतमी बलश्री हिचा नाशिकच्या लेण्यातील लेखही सांगतो. शिंद्यांच्या आगमनापूर्वी सुमारे सोळाशे वर्षांची ही गोष्ट आहे.

चांदीचे नाणे सहसा कोणी टाकत नाही. तांब्याचे मात्र मोडीत जाते, नाहीतर देवघरातील भांड्यांबरोबर चिंच लावून घासले जाते. त्या घासण्यात दोन हजार वर्षे टिकलेली अक्षरे नाहीशी होतात. म्हणून आमची विनंती आहे की, वाडवडिलांच्या डब्यात अशी नाणी असल्यास ती घासू नयेत, कोरड्या कागदात वेगवेगळी ठेवावीत आणि जाणकारांस दाखवावीत. जमिनीत नाणी सापडल्यास, त्यांची किंमत १० रुपयांहून अधिक असेल तर, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. कोठे व कशासोबत सापडली, हेही लिहून ठेवावे. ठिकाण हरवलेले नाणे निम्मे मुके होते.